पुसू नका, काट मारा

निरोप आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये बसलो होतो. धारूरच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी पोस्टर टाकलं होतं. चारी बाजूंना झेंडूच्या माळा, मध्ये बाईंचा वीसेक वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली मजकूर, 'शांत, सुस्वभावी, मनमिळाऊ शिक्षिका महानंदा शेटे लिंगैक्य.' मी तो मजकूर दोनदा वाचला. बाई गेल्या हे कळलं. आठ दिवसांपूर्वीच फोनवर त्यांचा आवाज खोल गेल्यासारखा वाटला होता, त्यामुळे मन कुठंतरी तयार असावं. पण मनमिळाऊ? शेटेबाई? माणूस गेलं की त्याला गुळगुळीत करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. भांडखोर बाईसुद्धा मेल्यावर सोज्वळ होते. बाईंनी हे पोस्टर पाहिलं असतं तर लाल पेन काढून 'मनमिळाऊ'वर सरळ रेघ मारली असती आणि बाजूला सही केली असती. मी मीटिंगमधून उठलो, बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. तो राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी तेलगावचा. औरंगाबादला संगणकाचा डिप्लोमा करून परत आलो होतो आणि गावात माझा उपयोग म्हणजे लोकांच्या लग्नपत्रिका टाईप करून देणं, एवढाच होता. त्या काळात आमच्याकडे सगळंच एकदम उघडलं होतं. एसटी स्टँडासमोर पिवळ्या पीसीओच्या रांगेत पहिला सायबर कॅफे आला, गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. अंबाजोगाईच्या एका शिक्षणसंस्थेनं त्याच्याही पुढची उडी मारली. त्यांनी हिशोबाचा आणि संगणकाचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स काढला. धडे इंटरनेटवर, पेपर इंटरनेटवर, निकालही इंटरनेटवर. धारूर, तेलगाव अशा ठिकाणी केंद्रं काढायची, पोरांनी तिथूनच पेपर द्यायचा, अंबाजोगाईला बसून तो तपासायचा. संस्थेच्या सचिवांना सगळे आबा म्हणत. जमीनजुमला मोठा, राजकारणात ऊठबस, आणि माणूस बोलायला लाघवी. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "दत्ता, गुण द्यायचं, निकाल लावायचं सॉफ्टवेअर तू करायचं. पुण्यामुंबईवाले कशाला पायजेत आपल्याला?" मी हवेतच बाहेर पडलो. टायपिंग क्लासशेजारची खोली मिळाली, दोन संगणक, त्यांच्यावर गयाबाई शिपाईणीनं शिवलेली फुलाफुलांची झाकणं. चपला बाहेर काढून आत यायचं.

परीक्षक म्हणून कुणी यायला तयार नव्हतं. पडद्यावर पेपर तपासायचा म्हटल्यावर जुन्या मास्तरांनी डोळ्यांची तक्रार पुढं केली. शेवटी संस्थेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या शेटेबाई आल्या. चाळिशी उलटलेली, कपाळावर भस्माची बारीक रेघ, खांद्याला कापडी पिशवी. धारूरच्या भांड्याच्या दुकानदारांच्या घरातल्या. भावाच्या कुटुंबात राहत आणि रोज एसटीनं येजा करीत. वीस वर्षं शिकवत होत्या, पण नोकरी कायम नव्हती. दर जूनला संस्थेचं पत्र यायचं तेव्हा पुढचं वर्ष पक्कं व्हायचं. हे मला पहिल्याच दिवशी त्यांनीच सांगितलं, कुरकुर म्हणून नव्हे, माहिती म्हणून. मग चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या. मी त्यांना सगळं दाखवलं, इथं उत्तर, इथं गुण, इथं शेरा, इथं दाबलं की झालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुण कुणी दिले ते कुठं दिसतं?" मी म्हणालो, तुम्हीच देणार ना, मग वेगळं दाखवायचं कशाला? "आज मी हाय. उद्या दुसरं कुणी बसंल हितं." मला वाटलं, म्हातारपणाची किरकिर आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि चाळिशीपुढचे सगळे मला म्हातारे वाटत.

पहिल्याच परीक्षेत धारूर केंद्रावर घोळ झाला. तिथं फोनची लाइन दुपारी कशीबशी तासभर लागायची. परीक्षार्थी अकरा. केंद्र चालवणाऱ्यानं डोकं लढवलं. दर वेळी नाव, पासवर्ड टाकण्यात वेळ जातो, तेव्हा यादीतल्या पहिल्या नावानं एकदाच आत शिरायचं आणि मग एकामागून एक सगळ्यांनी त्याच खुर्चीवर बसून उत्तरं लिहायची. पहिलं नाव होतं अनिताचं. झालं काय, की प्रत्येक नवा माणूस लिहून उठला की आधीच्याची उत्तरं जात होती. शेवटी बसला होता बाजारातला एक किराणा दुकानदार, त्याला कीबोर्डवर 'क' सापडायला पाच मिनिटं लागत. त्याचा पेपर अनिताच्या नावावर राहिला आणि बाकीचे दहा जण गैरहजर लागले. बाईंनी तो पेपर तपासला, चाळीसपैकी नऊ गुण दिले आणि शेरा लिहिला, 'अभ्यास करायची इच्छा दिसत नाही.'

तिसऱ्या दिवशी अनिता एसटीनं अंबाजोगाईला येऊन दारात उभी. विशीतली पोर, पदर खोचलेला. सरळ बाईंपुढं जाऊन म्हणाली, "बाई, ह्यो पेपर माझा न्हाई. मी असलं लिवतच न्हाई." मी तिला समजवायला लागलो की संगणक चुकत नसतो... बाईंनी हातानं मला गप्प केलं. तिला खुर्ची दिली आणि काय झालं ते पहिल्यापासून विचारलं. अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला. मी कपाळाला हात लावला. एका माणसाच्या नावावर दुसरा बसू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धारूरच्या अकराही जणांची परीक्षा पुन्हा घेतली. अनिताला चौतीस मिळाले. बाई म्हणाल्या, "दत्ता, दुरुस्त कर." मी दोन कळा दाबल्या, नऊ गेले, चौतीस आले. स्वच्छ. मी अभिमानानं पडदा त्यांच्याकडं वळवला.

"नऊ कुठं गेले?"

"पुसले की, बाई."

"कुणाला विचारून पुसले? नऊ मी दिले होते." त्यांचा आवाज चढला. "त्या पोरीला मी आळशी म्हणले. तीन दिवस ती रडली असंल. आन् आता कुणी बगितलं तर वाटंल, बाईंनी पयल्यापासनं चौतीसच दिले. चूक माझी हाय. ती तू कावून झाकतूस?"

मग त्यांनी पिशवीतून शाळेची गुणनोंद वही काढून माझ्यापुढं आपटली. आमच्या भागातल्या जुन्या शिक्षकांना ही शिस्त लागलेली असायची. गुण बदलायचा तर खोडरबर चालवायचा नाही, शाईवर शाई गिरवायची नाही. जुन्या आकड्यावर एकच आडवी काट, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, कारण, आणि सही. त्या वहीत बाईंच्या स्वतःच्या चुका पानोपानी होत्या. कुठं बेरीज चुकली, कुठं प्रश्न तपासायचा राहिला. वीस वर्षांच्या चुका आणि प्रत्येकीखाली म. शेटे. मी चरकलो. माझ्या अख्ख्या शिक्षणात कुठल्या मास्तरानं चुकलो म्हणून सही केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमचं नव्या सॉफ्टवेअरचं नियोजन सुरू झालं. भारनियमन असायचं. दुपारी वीज गेली की मी झोपायच्या बेतात, आणि बाई तास संपवून पिशवी घेऊन हजर. "वीज गेली की डोकं चालवायचं. वीज आली की मशीन चालवायचं," म्हणायच्या. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर त्या पडदे काढत. चौकट, चौकटीत बटणं, पट्टीनं मारलेल्या रेघा. मग गयाबाईंना बोलावून तो कागद त्यांच्यापुढं ठेवत. गयाबाईंना अक्षरओळख जेमतेम, आकडे मात्र पक्के. "गयाबाई, हितं बोट ठेवलं, तर काय झालं वाटतं?" गयाबाई बोट ठेवत, विचार करत, आणि जे वाटेल ते सांगत. त्यांना कळलं नाही तर कागद फाडायचा आणि नवा काढायचा, असा बाईंचा नियम. मी चिडायचो, की बाई, हे गयाबाई थोडंच वापरणार आहेत? त्या म्हणायच्या, "त्यांची नात वापरंल." पुढं पुण्यात मोठ्या कंपन्यांत लोकांना कागदावर पडदे काढून, अनोळखी माणसांपुढं ठेवून तपासताना पाहिलं. त्याला फार भारी भारी नावं आहेत. मला हसू आवरत नाही.

बाईंच्या यादीत मुख्य गोष्टी तीन. पहिली, काट. गुण बदलला तर जुना आकडा रेघेखाली दिसत राहणार, शेजारी बदलणाऱ्याचं नाव आणि कारण. दुसरी, नापास करायचं तर किमान एक पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय गुण पुढं जाणारच नाही. आणि तिसरीवरून मीही त्यांच्याशी चार दुपारी भांडलो. विद्यार्थ्याच्या निकालाखाली एक बटण, 'मान्य नाही'. ते दाबलं की परीक्षकानं आठ दिवसांत उत्तर द्यायचं. मी म्हणालो, सगळेच दाबत बसतील. त्या म्हणाल्या, "दाबू दे. मला माझ्या मास्तराला न्हाई म्हणायला चाळीस वर्सं लागली. पोरींना तेवढा वेळ न्हाई." गयाबाईंनी त्या कागदी बटणावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

आबांपुढं यादी मांडायचा दिवस आला. आबांची स्वतःची यादी तयार होती. निकालाचे रंगीत आलेख, प्रमाणपत्रावर फोटो, आणि कार्यालयातून गुण दुरुस्त करायची सोय. नवी केंद्रं मिळवायची तर निकाल चांगला दिसला पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशोब होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. 'मान्य नाही'चं बटण पाहून ते हसले. "बाई, तुमी लई ताणता बगा. उद्या पोरं मास्तरला उलटं बोलाया लागतील."

"लागू द्या की, आबा. शिकवतो कशासाठी मग?"

"आन् कार्यालयाच्या दुरुस्तीचं काय?"

मला वाटलं, इथं ठिणगी पडणार. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "करा की. संस्था तुमची हाय. तुमाला वाटंल त्याचे गुण वाढवा. फकस्त काट दिसली पायजे आन् खाली तुमचं नाव." आबा हसतच राहिले, पण हातातली सुपारी तशीच राहिली. एवढी साधी अट होती. त्यांनी ती नाकारलीही नाही. "बगू," म्हणाले आणि सभा मोडली.

आता जे लिहितो आहे ते मी आजवर बाईंशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दोन दिवसांनी आबांनी मला एकट्याला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "काय बे दत्ता, बाईंचं सगळं कर. काट कर, बटण कर. पर कार्यालयाला एक मागचं दार ठीव. तितनं बदललं की काट पडाया नको." त्यांनी तेलगावचं केंद्र माझ्याकडं द्यायचा विचार बोलून दाखवला. दमदाटी नाही, काही नाही. मला नकार देता आला असता. मी दिला नाही. ते मागचं दार मी बांधलं. चार दिवसांत, नीट, व्यवस्थित, एकही दोष न ठेवता... म्हणजे मला तसं वाटलं.

पुढच्या परीक्षेचा निकाल लागला. बाईंनी यादी उघडली आणि एका नावापाशी थांबल्या. गुण छत्तीस. खाली त्यांचाच शेरा, 'प्रश्न समजलेले नाहीत. पुन्हा बसावे.' त्यांनी अकरा दिले होते. कार्यालयातून आकडा बदलला होता, पण शेऱ्याला हात लागलाच नव्हता. असे सहा जण निघाले, सगळे संस्थेच्या जवळच्या घरांतले. त्यांची नावं बाईंनी तेव्हाही कुठं घेतली नाहीत, मीही घेत नाही. त्या पोरांना बिचाऱ्यांना माहीतही नसेल. बाईंनी मला विचारलं, "हे तू केलंस?" मी हो म्हणालो. "शेरा मुद्दाम सोडलास?" इथं खोटं बोलायची संधी होती. माझ्यातला चांगुलपणा जागा होता म्हणून शेरा ठेवला, असं म्हणता आलं असतं. पण त्या माझ्याकडं चष्म्यावरून बघत होत्या. "न्हाई बाई. विसरलो." त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता शिव्या बसतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुजं नाव सांगनार न्हाई. ज्याचं नाव त्यानं लिवायचं असतंय." आणि पिशवी उचलून बस गाठायला गेल्या.

संस्थेची बैठक मे महिन्यात झाली. जूनचं पत्र तोंडावर आलं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मी भिंतीजवळच्या खुर्चीत. बाईंनी उभं राहून सहा शेरे वाचून दाखवले. नाव नाही, फक्त गुण आणि शेरा. "गुण छत्तीस, प्रश्न समजलेले नाहीत. गुण तेहतीस, उत्तरपत्रिका कोरी." दुसऱ्या शेऱ्यालाच कुणीतरी फिसकन हसलं, चौथ्याला कुणीच हसेना. मग त्या म्हणाल्या, "ह्या प्रमाणपत्रांवर परीक्षक म्हणून माजी सही होणार न्हाई. बदल ज्यानं केला त्यानं करावी." आबांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "कॉम्प्युटरात हे असं झालंच कसं? कोण करतंय हे?" ते माझ्याकडं बघत नव्हते. बाईही माझ्याकडं बघत नव्हत्या. उठून दोन शब्द बोलायचे होते... मी केलं, एवढेच. मी जमिनीवरच्या शहाबादी फरशीचे तुकडे मोजत बसलो.

आबा म्हणाले, "बाई, असंच असंल तर परीक्षकांच्या यादीतनं तुमचं नाव काढावं लागंल."

"काढा," बाई म्हणाल्या. "पर पुसून काढू नका. काट मारून काढा. मागनं येणाऱ्याला दिसू द्या, हितं कोण हुतं आन् कुणी काढलं."

जूनमध्ये पत्र आलं नाही. वीस वर्षं शिकवलेल्या शाळेतून त्या एका कापडी पिशवीनिशी बाहेर पडल्या. निरोपसमारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही. गयाबाई तेवढ्या फाटकापर्यंत गेल्या. मी खिडकीतून पाहिलं आणि पडद्याकडं वळलो. नोकरी होती ना मला. कुणी म्हणेल, तुझं वय काय होतं, तू तरी काय करणार होतास. बाईंनी मला ही सवलत कधी दिली नाही आणि मीही घेणार नाही.

सप्टेंबरात मी ते मागचं दार काढून टाकलं. काही थोर वगैरे घडलं नव्हतं. तेलगावच्या केंद्रातली एक पोरगी नापास झाली, तिनं 'मान्य नाही'वर बोट ठेवलं, आणि तिला उत्तर द्यायला एकही परीक्षक पुढं आला नाही. ते तिचं एका ओळीचं म्हणणं माझ्या पडद्यावर आठ दिवस पडून होतं. नवव्या दिवशी मी दार काढलं, आबांना जाऊन सांगितलं, आणि त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तेही हसतच. मी थेट धारूर गाठलं. बाई घरच्या दुकानामागच्या खोलीत दहावीच्या पोरींना भूमिती शिकवत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पाठीवर हात फिरवतील. "चार महिने उशीर झाला," म्हणाल्या. "बस. ह्या पोरीला प्रमेय समजत न्हाई, तू बगतूस का?"

नंतरची वीस वर्षं त्या त्याच खोलीत शिकवत राहिल्या. मी पुण्याला गेलो, गुण देण्याचीच सॉफ्टवेअरं करत राहिलो, आता त्यात हजारो शाळा असतात. बाईंचा महिन्याला एक फोन ठरलेला. तो ख्यालीखुशालीचा नसायचाच. "तुमच्या त्या नव्या सोयीत मशीनच शेरा लिवतंय म्हनं? मग चुकलं तर सही कुणाची?" मी उत्तर शोधेपर्यंत फोन बंद. आमच्या कंपनीत कुणीही गुणांचा इतिहास लपवायची कल्पना मांडली, 'पडदा स्वच्छ दिसेल' म्हणाला, की मी टेबलावर हात आपटतो. मला तिथं भांडखोर म्हणतात. मला हे विशेषण पुरस्कारासारखं वाटतं, आणि माझ्या पोस्टरवर तेच छापावं अशी माझी इच्छा आहे. मनमिळाऊ छापलं तर याद राखा.

मागच्या आठवड्यात धारूरला जाऊन आलो. बाईंचे भाऊ, शिवाप्पाअण्णा, मला मागच्या खोलीत घेऊन गेले. फळा, सतरंजी, कोपऱ्यात खडूची पेटी. स्टुलावर सराव परीक्षेच्या बारा उत्तरपत्रिका होत्या. सात पूर्ण तपासलेल्या. आठवी तिसऱ्या प्रश्नापर्यंत. त्यापुढं लाल शाई नव्हती. अण्णा म्हणाले, "पोरी इचारतेत. काय करावं? रद्दीत घालू वाटना." मी सतरंजीवर बसलो. आठवीतल्या तिसऱ्या प्रश्नाखाली एक आडवी रेघ ओढली, लिहिलं, 'यापुढील तपासणी : दत्तात्रय शिनगारे', आणि उरलेलं तपासायला घेतलं. अंबाजोगाईच्या बैठकीत जे नाव माझ्या तोंडातून निघालं नव्हतं, ते मी लाल शाईनं पाच वेळा लिहिलं. आता इथंही लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांत त्या बैठकीतलं कुणी असलं तर त्यांना कळेल. ते मागचं दार मी केलं होतं. बाईंनी त्याची किंमत मोजली.

संध्याकाळी पोरी आल्या. मी पेपर वाटले. आठव्या पेपरची मालकीण दोन वेण्यांची, सावळी, बारीक अंगाची. तिनं उभ्या उभ्या पेपर चाळला, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्यासमोर येऊन पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं. "सर, मला हे मान्य न्हाई. रीत येगळी हाय, पर उत्तर बरोबर हाय. बाईंनी शिकीवली हुती."

मी पाहिलं. मधल्या दोन पायऱ्या तिनं मनातच करून टाकल्या होत्या. मी पायऱ्यांचे गुण कापले होते. तिचं बरोबर होतं. "बरं," म्हणालो, आणि सवयीनं दोनाच्या जागी चार करायला आकड्यावरच पेन टेकवलं.

"तसं न्हाई, सर." तिनं पेपर स्वतःकडं ओढून घेतला, पेनाची शाई ओरखडली. मग माझ्याकडं जरा दयेनं बघितलं, नव्या माणसाला समजावून सांगावं तसं. "आदी काट मारा. दोन दिसले पायजेत. आन् बाजूला सही करा तुमची."

मी काट मारली. चार लिहिले. कारण लिहिलं, 'परीक्षकाची चूक'. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. तिनं ती सही नीट वाचली, पेपर दप्तरात घातला आणि सहाव्या प्रश्नाबद्दल विचारायला खाली बसली.